जोडी

पंचावन्न सीसीची दोन जर्मन इंजिनं
रियाज पारकर महिनाभर झोपेत चालवतो आहे.
सोहारमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत
पंख फ्रिजच्या डोक्यावरून खिडकीपर्यंत गेलाय,
दूध काढायचं तर विमानाखाली वाकावं लागतं.
नऊ फूट पंख, वजन सतरा किलो,
आणि पंखात दोन रिकाम्या खोबणी,
दात पडलेल्या.

मी म्हणतो, पस्तीसची दोन पुरतील.
तो म्हणतो, पुरणं वेगळं, उरणं वेगळं.
मी म्हणतो, बरं, एक बंद पडलं तर?
तो चहात बिस्कीट बुडवतो, उत्तर देत नाही.
बिस्कीट तुटून पडतं.

माझे आतोबा खरसुंडीच्या बाजारात हेडे होते.
इंजिनातलं मला जे कळतं ते त्यांच्याकडून,
त्यांनी उभ्या जन्मात स्पार्क प्लग पाहिला नसेल.
म्हणायचे, जोर इकत घिऊ नगं, जोड घे.
हत्तीशेजारी बैल जुंपलास
तर गाडी जाग्यावर गोल फिरंल.
दात बघायचे, खूर बघायचे, पाठीवरची भोवरी,
आणि शेवटी दोघांना एकाच घमेल्यात पाणी पाजायचे.
कुणाचं तोंड आधी वर येतं
ते बोलायचे नाहीत, लक्षात ठेवायचे.

गुरुवारी विजेरत्नेकडे गेलो.
कारखान्यातली त्याची सोळा वर्षं
नऊ खोक्यांत बांधून झाली होती.
दहावं उघडं. त्यात पस्तीसची दोन,
एकाच दिवशी घेतलेली, एकाच हातानं वापरलेली,
तेलाचं प्रमाण वहीत, बारीक सिंहली अक्षरांत.
मी पंखा बोटानं फिरवला. दाब लागला.
दुसरा फिरवला. तितकाच.
डोळे मिटून पुन्हा फिरवले, कुठलं कुठलं कळेना.
रियाजनं भावाला हात घातला.
मला वाटलं खिशातला रुमाल काढावा,
त्याखाली विजेरत्नेची बोटं धरावीत,
दोन बोटं, मग पंजा, कुणाला न दिसता.
पण तो सरळ म्हणाला, एकशे दहा रियाल.
आणि लगेच, नजर खोक्यात ठेवून,
फक्त वेगळी करू नका.

शहराबाहेरच्या खारवट सपाटीवर पहाटे सव्वापाचला,
कारण आठनंतर हवा पातळ होते, इंजिन धापा टाकतं.
सुई पाव वळसा. ऐकायचं.
दोन सूर एकमेकांवर आपटतात, वां वां वां वां,
आणखी जरा, वां… वां……
मग लाटच मोडते, एकच घरघर उरते.
रियाज हसला. पंचावन्नचं नाव
त्या दिवसापासून त्यानं काढलेलं नाही.

चौथ्या फेरीला डावं गेलं.
आधी कानाला कळलं, मग डोळ्याला:
मेलेल्या बाजूला विमान मान टाकू लागलं.
रियाजचा अंगठा वर, चालत्याला आणखी जोर,
आणखी, आणि ते आणखीच वळलं.
"कमी कर! चालतंय त्याचं कमी कर!"
शब्द माझे होते, घसा आतोबांचा.
एक लंगडला की दुसऱ्याला आवरायचं असतं,
आसूड तिथं कामाचा नाही.
अंगठा खाली आला. सुकाणू उजवीकडे.
हातात कासरा, पण दोर नाही,
पलीकडच्या टोकाला काय ओढतंय ते तळव्याला कळत नाही,
नुसतं बघत राहायचं.
तिरकं, नाखूश, उतरलं एकदाचं.
खारीवर चाकांच्या वाकड्या रेघा.
आम्ही बराच वेळ तिकडे गेलोच नाही.

संध्याकाळी बेसिनपाशी कार्ब्युरेटर उघडला.
जाळीत वाळूचा एक कण,
मोहरीएवढाही नाही, खसखशीएवढा.
कोलंबोहून विजेरत्नेचा निरोप: चालली का दोन्ही?
रियाजनं काहीतरी लिहिलं, पुसलं,
पुन्हा लिहिलं: एकत्र आहेत.
आणि दूध काढायला
पंखाखाली वाकला.