हमाल, नग बारा

मे महिन्यात, भर उन्हात
बारा जणांनी खांद्यावरून चढवलं साहेबाचं यंत्र
सीताबर्डीच्या टेकडीवर.
त्यातला एक माझा खापरपणजा, झितरू कुमरे.
वहीत नावं नाहीत.
'हमाल, नग बारा.'

संध्याकाळी वाळ्याच्या ताट्यांआड बसून
साहेबानं लिहिलं :
उष्ण प्रदेशातला माणूस स्वभावतःच आळशी.
शाई वाळायला वेळ लागला नसेल,
हवाच तशी.

मग ते पान बोटीत बसलं.
तिकडे कुणी त्याला नकाशा जोडला, रंग भरले,
कुणी कवटीत मोहरी ओतून अक्कल मोजली,
कुणी भर सभेत ते वाचलं
आणि टाळ्या थांबेनात.
पुढचं शाळेत शिकवतात.
पान कुठून निघालं, ते नाही.

अजब बंगल्यात मी पहारेकरी आहे.
काचेच्या कपाटात नाक मोजायचा चिमटा,
पितळी. सोमवारी बंद असतं तेव्हा पुसतो.
एकदा लावून पाहिला.
गार लागला.
आकडा वाचला नाही.

परवा लेकीसाठी खोली बघायला गेलो, धरमपेठेत.
मालक सज्जन. कूलर लावला, पन्हं दिलं,
आडनाव विचारलं,
मग चेहऱ्याकडे पाहत राहिला
लागतो त्याहून जरा जास्त वेळ.
"तुमच्याकडचे लोक तसे निवांत असतात, नाही?"

पेला ठेवून जिना उतरलो.
दुपारचे दोन.
खाली रस्त्यावर डांबर ओतत होती माणसं,
पायांना गोणपाट गुंडाळून.
मी उभा राहून मोजली.
मग एकेकाला नाव विचारलं.