एकशे तेहेतिसावा रकाना

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात, गाळ्याच्या पोटमाळ्यावर
प्रिंटर बघायला गेलो आणि आधी पाच शिंका दिल्या.
भाणजीशेठ म्हणाले, बेडगी आहे, सवय होईल.
सवय त्या मशीनला तेवढी झालेली:
दातेरी चाकांत धण्याची सालं, रिबनला हळद,
आणि डोकं इतकं झिजलेलं की आठाचा तीन व्हायचा.
परवा एका गिऱ्हाइकाने ऐंशी पोत्यांचे पैसे
तीस पोत्यांनी चुकवले.
तुम्हीच छापलंय, म्हणाला.

तर आता कागद नको, पीडीएफ हवी.
मोबाइलवरून वापीला, इंदूरला धाडता येईल अशी.
पण प्रोग्रॅम तोच हवा, निळ्या पडद्याचा,
शहाण्णव साली ठाण्याच्या कुणा गुप्त्यांनी लिहिलेला.
गुप्ते आता नाहीत.
भिंतीवर त्यांचा नंबर अजून सात आकडी आहे.

प्रिंटर नव्हता तिथे मी एक प्रिंटर बसवला.
नुसतं नाव. वायर नाही, वजन नाही, शाई नाही.
प्रोग्रॅमने नेहमीसारखं विचारलं, कागद लावला का?
हो म्हटलं.
असल्या खोट्यावर माझं घर चालतं.

पहिली फाइल वेडीवाकडी निघाली.
चौकटीच्या रेघांच्या जागी उलटी प्रश्नचिन्हं,
हमाली तोलाईच्या अंगावर रेललेली,
वर अकरा ओळी कोऱ्या,
छापील लेटरहेड येणार म्हणून अजून जागा धरून.
अक्षर बदललं. समास बदलले.
मग चहा आला, तो प्यायलो,
आणि उगाच, बघू तरी म्हणून, पान थोडं रुंद घेतलं.

तेव्हा उजवीकडे, एकूण रकमेच्याही पलीकडे,
जिथे कागद संपून काळा रूळ सुरू व्हायचा,
तिथे रोमन लिपीत तीन शब्द उभे:
तपासले. यमुना मढवी.

दुसऱ्या बिलावर तेच.
दोन हजार चारचं एक जुनं बिल काढलं,
त्यावरही तेच.

भाणजीशेठ चष्मा पुसत राहिले.
कोपरखैरण्याची पोरगी. बिलं टाकायची.
बिलावर माझं नाव घालता का, म्हणाली होती एकदा.
बापूजी म्हणाले, बिलावर नाव पेढीचं असतं.

मी प्रिंटरचं झाकण उचललं.
रुळाच्या उजव्या टोकाला, गोल फिरत,
बोटभर रुंदीचा पट्टा, गुळगुळीत, खोलगट.
अक्षरावर अक्षर, अक्षरावर अक्षर,
वाचता एकही येत नव्हतं.
पण आवाज वेगळा येत असणार.
कागदावर सुई पडते आणि रबरावर पडते
यातला फरक, त्या खोलीत दिवसभर बसणाऱ्या माणसाला
पाठमोरंही कळला असता.

काढून टाका, चिराग म्हणाला, शेठचा मुलगा.
पार्टी विचारेल, ही कोण?
काढणं सोपं होतं.
पान होतं तेवढं अरुंद केलं की झालं.
नाही निघत, म्हटलं. जुना प्रोग्रॅम आहे.
गुप्ते असते तर गोष्ट वेगळी.

शेठनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ.
मग म्हणाले, राहू दे.
हिशोब बरोबर येतोय ना?

संध्याकाळी पहिलं बिल इंदूरला गेलं.
राजापुरी हळद, ऐंशी पोती, बारदान वजा.
आठ आठासारखा.
पलीकडे निळ्या खुणा उमटल्या.
कुणी काही विचारलं नाही.

माझे साडेनऊशे झाले.
पावती मागितली, तर चिरागने
त्याच प्रोग्रॅममधून काढून मोबाइलवर पाठवली.
सानपाड्याच्या पुलावर उघडली.
वर अकरा ओळी रिकाम्या, मग माझं नाव, चुकीचं,
मालाच्या रकान्यात 'इतर', पोती शून्य,
आणि बोटाने पान डावीकडे सरकवलं तर
कडेला,
तपासलेली.