आतल्या अंगाने

चंपूताई सबनिसांची जनावरं
तुम्ही बाहेरून पाहिलीत.
मी ओतारी. चाळीस वर्षं साचे काढले त्यांचे,
मला ती आतून ठाऊक.
म्हशीची उलटी बरगडी, उलटा श्वास,
आणि ताईंचा अंगठा:
तुमच्याकडे जिथे खळगा,
तिथे माझ्याकडे उंचवटा.

वडील खानगी खात्यात कारकून.
संस्थान विलीन झालं
आणि हत्ती लिलावात निघाले म्हणे.
अकरा वर्षांची पोर घरून कणीक घेऊन गेली,
शेवटच्या हत्तिणीचा गुडघा
उभ्याउभ्या वळून आली.
आईनं त्याच कणकेच्या पोळ्या लाटल्या.
"माझं पहिलं प्रदर्शन आम्ही वरणात बुडवून खाल्लं,"
ताई सांगायच्या.

कॉलेजात बाकीचे मोठमोठे अर्थ घडवत होते.
ही बाई सकाळी सायकल काढून कमाटीबागेत,
पिंजऱ्यापुढे स्टूल टाकून.
तरसाला कुणी बघत नसे, म्हणून तरस.
"वाघ कुणालाही जमतो रे,
पट्टे काढले की लोक फसतात.
गाढव कर.
गाढवात लपायला जागा नाही."

मातीत घोड्याची लीद, तागाचा भुगा, थोडा गूळ.
दांडियाबाजारातल्या त्या अंगणाला तबेल्याचा वास,
भाडेकरू टिकत नसत.
मुलगी बघायला आलेले एक गृहस्थ
नाकाला रुमाल लावून, चहा न घेताच उठले.
त्यांचा चेहरा पुढे एका उंटाला मिळाला.

मग चौकातल्या पुतळ्याचं काम.
समितीत सात जण.
"घोडो बेन बनावशे," एक शेठ म्हणाले,
"वरचे सरदार मुंबईहून मागवू."
ताई हसल्या. दोन वर्षं घोडा केला.
मुंबईचा खर्च कळला तशी समिती मोडली,
ब्राँझचे पैसेही गेले.
मी तो सिमेंटात उतरवला, उधारीवर.
अजून आमच्या भट्टीमागे आहे,
खोगीर घालून, कान मागे,
कुणीतरी आत्ताच उतरून गेल्यासारखा.
खोगिराखाली हात घाला, घाम लागेल.
माझ्या तिन्ही मुली त्याच्यावर बसून पाढे शिकल्या.
तेरावर घसरायच्या.

एका वर्षी विश्वामित्री अंगणात शिरली.
पाणी ओसरलं, चिखलात ताईंची मगर पडलेली.
कुणी फोन केला कोण जाणे,
वनखात्याची माणसं दोर घेऊन आली.
डोळ्यांवर गोणपाट टाकलं,
एक जण पाठीवर बसला,
दुसऱ्यानं जबडा आवळला, चांगल्या चार वेढ्यांनी.
मग त्यानं बोटानं टकटक केली. थांबला.
पुन्हा टकटक केली.
ताई गच्चीतून बघत होत्या, अवाक्षर नाही.
दिल्लीहून आलेलं मानपत्र
डगमगत्या कपाटाच्या पायाखाली होतं;
हा दोर मात्र त्यांनी
दारामागच्या खिळ्याला टांगला.

शेवटी हात कापायचा.
कापऱ्या हातानं शेळी केली,
आणि तिच्या पाठीवर
न करताच केस उभे राहिले.
"बघ, आजार कामाला लागला,"
म्हणाल्या, आणि खोकल्या बराच वेळ.

त्या गेल्या त्या दिवशी
फिरत्या पाटावर ओल्या फडक्याखाली काहीतरी होतं.
फडकं मी रोज भिजवतो.
खालून चार पाय दिसतात,
एक जरासा उचललेला.
वासरू असेल, कुत्रं असेल.
पुढे टाकतंय की मागे घेतंय
तेही कळत नाही.

थोरली म्हणते, बाबा, किती दिवस?
उघडा, साचा काढा एकदाचा.
काढीन.
प्लास्टरचं पोतं आणून ठेवलंय.
आधी तो घोडा पुसून घेतो,
पारव्यांनी पार वाट लावली आहे खोगिराची.