सहापैकी दोन

शाहूपुरीतल्या दवाखान्यात, दुसऱ्या लसीच्या दिवशी,
डॉक्टर माणगावे बाईंनी नळी कानाला लावली
आणि बोलता बोलता थांबल्या.

हे थांबणं मला ठाऊक आहे.
बत्तीस वर्षं उद्यमनगरात मी हेच करतो:
स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला,
गिऱ्हाईक काहीतरी विचारत असतं
आणि मी हात वर करतो, जरा गप.
मग सांगतो, बेरिंग गेलंय.
मग त्याच्या तोंडाकडं बघत नाही.

बाई म्हणाल्या, "मर्मर ऐकू येतंय. सहापैकी दोन."
सहापैकी दोन म्हणजे पास का नापास, कळेना.
"लहान पिल्लांत असतं. अंग झपाट्यानं वाढतं,
रक्त अजून पातळ. बहुतेकदा चार-पाच महिन्यांचं होईतो
आपोआप जातं. नाही गेलं तर इको काढू.
खेळू दे, खाऊ दे. झोपेत श्वास मोजा,
सारखे तिसाच्या वर जायला लागले तर फोन करा."

बहुतेकदा.
एवढा एकच शब्द मी घरी घेऊन आलो,
पिशवीत जंताचं औषध, खांद्यावर बिब्बा.

नाव विमलनं ठेवलं, कपाळावर काळा डाग म्हणून.
"दृष्ट काढूनच आलाय," म्हणाली होती.
आणला पण तिनंच, गंगावेशीतल्या दूधवाल्याकडनं,
पदराखाली झाकून,
मी नको म्हणणार हे धरून.

रात्री दीड वाजता आम्ही दोघं फरशीवर.
तिच्या हातात मोबाईल, सेकंद बघायला,
माझं बोट त्याच्या बरगडीवर, न टेकवता.
चोवीस. सव्वीस.
मध्येच तो स्वप्नात पळायला लागतो,
चारी पाय आडवे पळतात,
बत्तीस.
विमल माझ्याकडं बघते.
"स्वप्नातलं धरायचं नसतं," मी म्हणतो,
जसं काय मला माहीत आहे.

तालमीतला बाबर म्हणाला, खारका द्या, छाती भरेल.
गुजरीतला मेहुणा जेवता जेवता म्हणाला,
आठवडा पण झाला नाही, बदलून आणा की.
विमलनं त्याला पांढरा रस्सा परत विचारलाच नाही.

सोमवारी उद्यमनगर बंद.
लेथ, घण, ग्राइंडर, सगळं मुकं.
शटर अर्धं उचलून मी बिब्ब्याला आत नेलं,
बेंचवर गोणपाट अंथरलं,
स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.
ठेवून दिला.
नुसता कान टेकवला.

फार जोरात चालतं हो ते.
एवढ्याशा पिंजऱ्यात एवढी घाई.
दोन ठोक्यांच्या मध्ये काही शूं होतंय का,
पाटाच्या कडेला पाणी घासून जातं तसं,
का ते माझ्याच कानातलं रक्त, ठरवता येईना.
हा कान बिडाला आणि पितळेला सरावलेला.
खोलून बघता येणार नाही असं काही
या बेंचवर आजवर आलंच नव्हतं.
त्यानं माझा कान चाटला.
मग चावला.

आज परत तपासणी. साडेचार महिने झाले,
पुढचा एक दात कालच चपलेत सापडला.
बाई ऐकतायत.
या खेपेला गिऱ्हाईक मी.
विमलनं माझी बाही धरून ठेवलीय,
आणि मला कागलचा तो ट्रकवाला आठवतो,
मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं त्याच्या,
क्रँक गेला म्हणून मी सांगितलं
आणि वळून हात पुसायला लागलो.

बाई नळी काढतात.
आधी आमच्याकडं बघतात, मग बोलतात.
"एक. अजून थोडं आहे. महिन्यानं या."

गेलं नाही. निम्मं झालं.
"निम्मं म्हणजे चांगलंच की," रिक्षात विमल म्हणते,
दोनदा म्हणते.
बिब्बा तोंड बाहेर काढून
दसरा चौकातली सगळी हवा एकटाच खातो.
मी फोनमध्ये बघत बसतो,
त्या कागलवाल्याचा नंबर
अजून आहे का.