चार्ज देताना

या बारा चाव्या, ऊर्मिला. तेरावी हरवली तेव्हा
सावर्ड्याच्या पुलावरून खनिजाचे ट्रक अजून धावत होते,
म्हणजे आता शोधू नकोस.
सही इथे कर. बाटल्या मागाहून मोज.

भिंतीवरचा तक्ता जुना, एकशे तीनवर थांबलेला.
पुढचे एव्हेलिना मिसनी खाली भिंतीवर खडूने लिहिले,
ते दर मे महिन्यात चुन्याखाली जातात.
ती मूलद्रव्यं टिकतातच म्हणे क्षणभर,
तेव्हा चूक रंगाऱ्याची नाही.
उजवी कडा वाळवीने खाल्ली:
हेलियम, निऑन, अरगॉन, खालपर्यंत सगळे.
तीन वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही.
जे अध्यात ना मध्यात, त्यांचं असंच होतं.

डावीकडचे मात्र स्वतःला विसरू देत नाहीत.
ही सोडियमची बाटली. रॉकेल मिळेना झालं
तेव्हापासून पॅराफिन घालतो. बुडालेलं असू दे.
बोटं कोरडी ठेव, त्याला घामसुद्धा पुरतो.
लिथियम पाण्यावर नुसतं फुसफुसत फिरतं,
सोडियम वितळून गोळी होतं, पळतं,
आणि पोटॅशियम मिस स्वतः टाकायच्या,
वाटाण्याएवढं नाही हं, मुगाएवढं.
जांभळट ज्योत उठायची, पहिल्या बाकावरच्या मुली किंचाळायच्या.
स्तंभात जसजसं खाली उतरावं तशी पकड सैल, मिस सांगायच्या.
कवचावर कवच चढत जातं,
शेवटचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून इतका लांब
की कुणी हात पुढे केला, तो चालला.

मी मागे उभा, हातात वाळूची बादली.
माझा थोरला त्याच वर्षी पोर्तुगालचे कागद करून
स्विंडनला गेला होता.
म्हटलं, मिस, हे आमच्या घरासारखंच की.
त्या चष्मा पुसत म्हणाल्या, नको, सगुण.
अणूला आई नसते.
जे नीट मोजता येतं त्याला रडवू नये.

ओळीत डावीकडून उजवीकडे गेलीस तर उलटं.
दर घरात एक माणूस वाढतो आणि घर लहान होतं.
हे मला बारा-पंधरा वर्षं पटलंच नाही.
मग एका रविवारी नदीत पागेर टाकला,
दोरी जितकी खेचली तितकं जाळं आवळत आलं.
ओढ वाढली की घेर कमी.
दुसऱ्या दिवशी मिसना सांगायला गेलो
तर त्या निवृत्त होऊन दोन महिने झाले होते.

मधला भाग आपला. पंचवीस मँगनीज, सव्वीस लोखंड,
तक्त्यावर शेजारी, आपल्या डोंगरातही शेजारी.
रंग बहुतेक इथेच राहतात.
मोरचूद निळं, हिराकस हिरवं,
पण बूच सैल राहिलं तर या दमट हवेत
चार महिन्यांत हिराकस तांबूस पडतं:
दोन देऊन बसलेलं लोखंड तिसराही देऊन टाकतं.
बाहेर बघ, खाण बंद पडल्यापासून
म्हाळू नायकाचे नऊ ट्रक शाळेमागे उभे आहेत.
ते तरी दुसरं काय करतायत.

आयोडीन रजिस्टरात अडीचशे ग्रॅम.
वजन केलंस तर कमी भरेल.
मी नेलं नाही; ते न वितळताच जातं,
बुचाभोवती जांभळा डाग ठेवून.
'घट' म्हणून रकाना आहे, तो मी कोरा ठेवलाय.
काय लिहायचं ते तू ठरव.

वाळूची बादली दाराशीच असू दे.
मांजर त्यात घाण करतं,
सोमवारी आठवणीने चाळून घे.