आवक-जावक

नवे कुलसचिव म्हणाले,
एका फाइलीच्या मागे चालत जा,
ती थांबेल तिथे थांबा आणि लिहून आणा.
मी लोर्ना कुलासोची फाइल निवडली.
निवडली म्हणजे, वरचीच होती.

मागणी : मातीतला खार मोजणारं यंत्र, नग एक,
अठ्ठावीस हजार चारशे.
विषय : खाजनातलं कोरगूट भात.
निकड : पेरणीआधी माती मोजायला हवी.
अर्जावर तारीख फेब्रुवारीची.

विभाग. अधिष्ठाता. मग संशोधन कक्ष, म्हणजे मीच.
मी लिहिलं होतं, 'कृपया पाहावे.'
लेखा शाखेत धुमेबाईंनी पाहिलं
आणि लिहिलं, 'पाहिले. चर्चा करावी.'
कुणी कुणाशी, ते लिहिलं नव्हतं.
एकोणीस दिवस फाइल खिडकीपाशी
चर्चेची वाट बघत पडून राहिली.
पाण्याच्या बाटलीचा गोल डाग
अजून आहे मुखपृष्ठावर, शिक्क्यासारखा,
आणि सगळ्या शिक्क्यांत तोच तेवढा स्वच्छ उमटलेला.

मग खरेदी समिती, मग चवथीची सुट्टी,
मग परत माझ्याच टेबलावर, माझ्याच सहीसाठी.
पहिल्या पानावर केली होती,
तिसऱ्यावरही लागते म्हणे.
कुणी ठरवलं हे?
पुनो गावसनं माळ्यावरून गठ्ठे काढले,
शिंकत शिंकत शोधलं, परिपत्रक मिळालं.
खाली सही माझी. साल दोन हजार नऊ.
आठवलं मग : कुणीतरी प्रकल्पाच्या पैशातून
घरी वातानुकूलक बसवला होता.
त्या एका गारव्यासाठी
पंधरा वर्षं सगळ्यांना घाम.

यंत्र ऑक्टोबरात आलं.
भात कापून झालं होतं.

शनिवारी रायबंदरहून फेरीबोटीनं दिवाडीला गेलो.
लोर्ना बांधावर उभी, गुडघ्यापर्यंत चिखल,
यंत्र अजून प्लास्टिकच्या पिशवीत.
"पुढच्या वर्षी, सर," ती म्हणाली.
रागावली असती तर बरं झालं असतं.
तिची शिष्यवृत्ती मार्चपर्यंतच आहे,
हे तिनं सांगितलं नाही. ती फाइलही माझ्याकडेच आहे.

मानशीपाशी आग्नेल बसला होता, गळ टाकून.
मट्टीच्या लाकडाचं दार, काळं पडलेलं,
भरती रेटते तसं मिटतं,
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तसं उघडतं.
मी म्हटलं, काढूनच टाकलं हे दार तर?
तो हसला. "शेत मरेल, बाब.
दार उदक आडांवक न्हय, वळखूंक."
गळाला काही लागलं नव्हतं, तरी तो उठला,
बिजागरीतलं शेवाळ नखानं खरवडून
पुन्हा बसला.

सोमवारी टिपणी लिहिली. एकच पान.
पन्नास हजारांखालची खरेदी विभागानंच करावी,
हिशेब वर्षातून एकदा, पण पैन् पै तपासावा,
आणि तिसऱ्या पानावरची माझी सही रद्द.
स्वतःची सही खोडायला
कोणता रकाना भरायचा, ते कुठल्याच नियमात नाही.
समासात लिहिलं.

आवक क्रमांक पडला. टिपणी गेली.
आठ दिवसांनी बघायला गेलो :
धुमेबाईंची खिडकी, वर बाटली,
आणि कोपऱ्यात ओळखीचं अक्षर,
'चर्चा करावी.'

बाहेरून एक खुर्ची ओढत आणली.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
मग बाटली उचलून
खाली ठेवली.