यू-शून्य-नऊ

सावद्याला, केळी भरायच्या शेडच्या माळ्यावर
मी खेपेला सपाट करते.
खेप म्हणजे ट्रक, घड, वजन, शेतकरी, दांड्याची वजावट.
आत सगळं एकमेकांना धरून उभं असतं.
तारेतून जायचं तर उभ्यानं चालत नाही,
आडवं पडावं लागतं, दोन महिरपी कंसांच्या मध्ये.

आपोआप होऊ दिलं तर फार बोलतं ते.
निंभोऱ्याच्या भिरूडांचं बँकेचं खातं
दिल्लीच्या अडत्याला सांगून मोकळं.
म्हणून मी स्वतः लिहिते: हे सांग, हे गिळ,
ह्याला तिकडे दुसऱ्या नावानं ओळखतात, तशी हाक मार.

खेपेला शेतकरी ठाऊक, शेतकऱ्याला त्याच्या खेपा,
त्या प्रत्येकीला पुन्हा तोच शेतकरी,
लग्नाच्या मांडवातली ओळखपाळख,
पंगत उठली तरी संपेना.
नुसता नंबर सांग म्हटलं, आणि पुढे हो.

रात्री अडीचला भरलेला ट्रक
यंत्राच्या लेखी आदल्या रात्री नऊलाच सुटला.
साडेपाच तास ओढून परत आणले.
१४०.४० चं शेवटचं शून्य मात्र गळालं
आणि मुकादम पावती घेऊन जिना चढले.

"पूज्य कुठी गेलं व माय?"
"काका, वजन तेच आहे."
"त्याले काय ठाव? तो म्हनीन कोनी खोडलं."
बांधलं वजन अवतरणचिन्हांत, शून्यासकट.

मग चष्मा कपाळावरून खाली आला.
"अन् माह्यं नाव?"
नावाच्या जागी
उलटी तिरपी रेघ, यू, शून्य नऊ तीन आठ,
पुन्हा रेघ, यू, शून्य नऊ चार एक...
सुपडू. पाच तुकडे.
आधीची दोन गेली म्हणून ह्याला सुपात घातलेलं,
ते कुठल्याच रकान्यात नव्हतं.
पण निदान अक्षरं.
एका ठिकाणी 'खरं'चं 'खोटं' केलं
आणि सुपडू वारके कागदावर उतरले, उकारांसकट.

ते घडाला टिचकी मारतात, ऐकतात,
कुठला घड आग्र्याच्या अलीकडे पिवळा पडेल ते सांगतात.
हे जात नाही.
जे असतं ते जातं, जे करता येतं ते इथेच राहतं, रीत आहे.
तिकडे मजकुरातून दुसरा सुपडू उभा करतील,
नाव, वजन, तारीख बरोबर,
टिचकी न येणारा.

"एक शेरा टाक," म्हणाले,
"वरचा थर हळवा हाये. पयले तो काढा."
टाकला. त्यांच्यापुरता एक नवा रकाना.

कूलरमधलं पाणी संपलं तेव्हा उत्तर आलं:
खेप मिळाली. 'शेरा' अनोळखी, वगळला.

मी तो काढलेला नाही.
दर खेपेला जातो.
काल त्यांनी सांगितलं ते असं:
ड्रायव्हर नवा हाये, रातचा उपाशी.
त्याले जेवाले घाला.